वाडीची आंघोळ

६ जानेवारी, मंगळवार

पुन्हा तिथूनच फोन! मेघाली इंग्लंडात शिकायला गेली, पण तिची राहायची खोली अजून मला दिसलेली नाही. जेव्हा बघावं तेव्हा कॉलेजच्या त्या अभ्यासाच्या हॉलात. मागे भिंत, भिंतीवर झाडं. माती नाही, कुंडी नाही. विचारलं, मुळं कुठं हायत? म्हणाली, "आजी, कापडाचे खिसे केलेत. ही झाडं हवा साफ करतात." आमच्याकडे भिंतीवर झाड उगवलं की भिंत पडते. तिकडे तिला बघायला पाहुणे येतात म्हणे.

आणि बोलते कशी — कुजबुजत. तिथे मोठ्याने बोललं की बाकीची पोरं डोळे वटारतात. घरी का नाही जात? "घरी थंडी असते, इथं ऊब असते." नातीवर विश्वास आहे माझा, पण कुजबुजणाऱ्या माणसावर नाही.

आज नवीनच काढलं. आपल्या वाडीतल्या चिकूची पानं पायजेत. त्यांच्यावर धूळ किती बसते ते मोजायचं, त्याच्यावरच तिचा मोठा निबंध आहे. धूळ मोजायला इंग्लंडात गेली! इथे ओटीवर बसून बोट फिरवलं असतं तरी झालं असतं.

८ जानेवारी, गुरुवार

धर्माजी आला होता. धर्माजी म्हणजे गावात फिरणारा कंपनीचा माणूस. पगार कंपनीचा, चहा आमचा.

"माई, कंपनीला हरित पट्टा वाढवायचाय. नियमच हाय तसा. तुमची वाडी कुंपणाला लागून. भाव चांगला देतील."

म्हटलं, "हिरवा पट्टा करायला माझी वाडी पायजे? माझी झाडं काय निळी हायत?"

हसला. निमेश हसला नाही. माझा एकुलता एक मुलगा, त्याच कंपनीत बॉयलरवर आहे. खाली मान घालून पायाचा अंगठा बघत बसला. वाडी माझ्या नावावर, माझ्या सहीशिवाय पान हलत नाही. तेव्हापासून घरातले मला उगाच चहा विचारतायत.

परवा नातीला पानं पायजेत, आज कंपनीला वाडी. हे सुचलं कसं दोघांना एकाच आठवड्यात?

१२ जानेवारी, सोमवार

दीपा आली. मेघालीची मैत्रीण, जव्हारकडची, आता पालघरच्या कॉलेजात शिकते. पोर काटक. चपला दारात काढून वाडीत शिरली, ते आवडलं. खालच्या फांद्यांना लाल फिती बांधल्या. दर सोमवारी यायचं, या फांद्यांची पानं खुडायची, कॉलेजात नेऊन त्यांच्यावरची घाण वजन करायची. तशाच उमरोळीलाही एका वाडीत बांधल्यात म्हणे. तिथून कंपनीच्या धुराच्या चिमण्या लांब.

मग तिने पांढरा कागद काढला आणि एक पान पुसलं. कागद काळा! मातीचा रंग नव्हे, तवा पुसल्यासारखा. आणि चिकट. माझं तोंड उतरलं. ती मात्र खूश — "असंच पायजे आजी, असंच!"

असंच पायजे? घाण कुणाला पायजे असते? ज्याला भाव पाडायचा असतो त्याला. उद्या हेच विलायतेच्या कागदावर छापून येईल आणि धर्माजी दारात उभा — माई, वाडी मेली तुमची, आता मिळेल ते घ्या.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळे म्हणाले गोड बोला. आठवडाभर गोडच बोलतायत, मला त्याचीच धास्ती.

१८ जानेवारी, रविवार

निमेश पहिल्या पाळीला. सून, रूपल, बोईसरला बाजाराला. मी बादली भरली, आंब्यावर मारायचा पंप धुऊन घेतला, जुन्या लुगड्याचं फडकं घेतलं आणि लाल फितीच्या सगळ्या फांद्या धुऊन काढल्या. पान वरून, पान खालून. पाहुण्यापुढे खरकटं ताट ठेवायची रीत नाही आमच्यात. बघू दे इंग्लंडाला माझी वाडी कशी आहे ती!

बादलीतलं पाणी शाईसारखं झालं.

रूपल आली. "आई, हात काळे कशाने?"

"चूल सारवली."

चूल मोडून गॅस आला त्याला जमाना झाला. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं. न बोलणारी सून सगळं लक्षात ठेवते.

१९ जानेवारी

दीपा — "आजी, पानं कशी चकचकीत दिसतायत!"

मी — "वाडीच तशी हाय आमची."

२५ जानेवारी, रथसप्तमी

सकाळी फांद्या धुतल्या. दुपारी नवल बघितलं.

मेघालीने त्या अभ्यासाच्या हॉलात हळदीकुंकू केलं! रीतसर परवानगी काढून. दिवा लावायचा नाही, अगरबत्ती नाही. जरा धूर झाला की छताला बसवलेलं यंत्र बोंबलतं. म्हटलं, तसलं एक इथल्या चिमणीला बसवा ना!

बायका जमलेल्या. दोन सुरतेकडच्या, एक चीनची, एक आफ्रिकेची उंच, ठसठशीत. आणि तिथे लादी पुसणारी एक गोरी बाई, तिलाही हात धरून बसवली. लग्न झालेली ती एकटीच, आणि तिनेही नवऱ्याला सोडलंय. कुणाच्या नवऱ्याचा पत्ता नाही आणि हळदीकुंकू! आम्ही वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटतो. हिने भिंतीवरच्या झाडांची पिल्लं कागदी पेल्यात घालून दिली. सगळ्या कुजबुजत हसत होत्या. बाजूला एक पोरगा पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेला, त्यालाही एक तिळाची वडी ठेवली.

मग म्हणाली, "आजी, पुढं ये." हे गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, मीही कुणाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. तिचं बोट भोपळ्याएवढं होऊन माझ्या अंगावर आलं. फोनच्या काचेवर, माझं कपाळ दिसत होतं तिथे टेकवलं.

"अगं काच पूस, फोन बिघडेल!" म्हटलं.

सगळ्या हसल्या. मी फोन रूपलकडे दिला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

एवढं गोड का वागतेय? सहीच पायजे असणार.

१ फेब्रुवारी, रविवार

धुतलं. कंबर गेली. वाडीची आंघोळ होते, माझी राहते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मेघालीचा फोन. कुजबुजायचं विसरून ओरडलीच. "आजी! तुझ्या पानांवर उमरोळीपेक्षा कमी धूळ हाय! कंपनीच्या एवढ्या जवळ असून!"

मी म्हटलं, सांगितलं नव्हतं?

मग पुढचं बोलली. कंपनीने दोन वर्षांपूर्वी कुंपणाच्या आतून झाडांची रांग लावली ना, तीच धूळ अडवते असं दिसतंय. तिच्या सरांना फार आनंद झालाय. झाडांची भिंत हवा साफ करते, हॉलातल्या भिंतीसारखीच! पुढच्या महिन्यात ती सगळ्यांसमोर उभी राहून हे सांगणार.

ती रांग! गुडघ्याएवढी सुद्धा नाहीत ती झाडं. अर्धी वाळलेली. धूळ अडवणारी मी आहे — बादली घेऊन.

७ फेब्रुवारी, शनिवार

धर्माजी पेढे घेऊन. निमेशने कंपनीत छाती फुगवून सांगितलं, माझ्या पोरीने शोध लावला म्हणून. सांगायलाच हवं होतं का?

"बघा माई, तुमच्याच नातीने सिद्ध केलं! आमची झाडं हवा साफ करतात. मग आणखी लावू ना. वाडी द्या, सगळ्या गावाचं भलं होईल. नात हुशार, आजी अडवते — लोक काय म्हणतील?"

घाण निघाली असती तर वाडी मेली म्हणून मागितली असती. आता स्वच्छ निघाली तर पट्टा चालतो म्हणून मागतायत. आणि हे दुसरं हत्यार मी माझ्या हाताने घासूनपुसून त्याच्या हातात दिलं.

निमेश म्हणाला, "आई, विचार करायला काय हरकत हाय?"

पेढा खाल्ला नाही मी. त्याने दोन खाल्ले.

८ फेब्रुवारी, रविवार

बादली भरून वाडीत बसून राहिले. हात घालवेना.

गप्प बसले तर पोर भर सभेत खोटं सांगणार, तिच्या नावानिशी. खोटं माझं, तोंड तिचं. आणि त्या खोट्यावर माझी वाडी जाणार. सांगितलं तर तिचा निबंध पाण्यात. आणि तिने थुंकावं माझ्यावर.

रूपलला म्हटलं, लाव फोन.

"आजी, थांब, काचेच्या पेटीत जाते. तिथं मोठ्याने बोलता येतं."

सांगितलं. लांबण लावली नाही. तू बांधलेल्या फांद्या मी दर रविवारी धुते. पंपाने. फडक्याने.



"सगळ्या?"

"सगळ्या."

"का पण?"

"तू त्यांच्यात सामील हायस असं वाटलं मला."

काचेच्या पेटीत मोठ्याने बोलता येतं म्हणाली होती. एक शब्द नाही बोलली. फोन बंद.

बादली तशीच ओतून दिली. रूपल दारात उभी. म्हणाली, "मला पहिल्याच रविवारी कळलं होतं."

"मग बोलली का नाय?"

"तुमाला कोण बोलणार?"

१० फेब्रुवारी

फोन नाही.

१२ फेब्रुवारी

नाही. दीपाही सोमवारी आली नव्हती.

१३ फेब्रुवारी

रूपल म्हणाली, तुमीच लावा. मी काय म्हणून लावू? — लावला. उचलला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आला! तोच हॉल, तीच भिंत. डोळे सुजलेले, पण आवाज कडक. माझ्या सासूसारखा.

"आजी, नीट आठवून सांग. रविवारी धुवायचीस, आणि दीपा सोमवारी सकाळी यायची. मधे एकच रात्र?"

"एकच."

"उमरोळीची पानं पाऊस गेल्यापासून कुणी धुतली नायत. त्यांच्यावर सगळ्या हिवाळ्याची धूळ हाय. तुझ्या पानांवर एका रात्रीची. आणि दोन्हीत फरक केवढा? चिमूटभर!"

मला समजायला वेळ लागला. मग समजलं.

म्हणजे रात्री झोपताना पान धुतलेलं, आणि सकाळी त्याच्यावर हिवाळाभराची धूळ.

आधी तिच्या सरांनी पानं फेकून द्या म्हटलं होतं. आज म्हणाले, पुन्हा करा, नीट करा. अर्ध्या फांद्या धुवायच्या, अर्ध्या तशाच ठेवायच्या, दीपाने समोर उभं राहून बघायचं. ती रांग-बिंग सगळं कागदावरून काढून टाकलं.

"रागावली नाय ना गं?"

"खूप. सामील म्हणालीस मला." मग म्हणाली, "पण तुझ्यावरच गेलेय. मी पण आधी दीपावरच संशय घेतला होता."

मी आता खिडक्या लावून घेते. लावून काय उपयोग, कौलांना फटी आहेत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

धर्माजी सहीला आला, कागदच घेऊन. मला गप्प बसता आलं असतं. बसले नाही. सगळं सांगितलं — एका रात्रीत किती बसतं, आणि नात ते कुठे सांगणार आहे. वर म्हटलं, "तुझी झाडं अजून माझ्या गुडघ्याला लागत नायत, ती काय धूळ अडवणार? आधी तुला अडवू दे!"

त्याचं हसू गेलं. चहा अर्धा ठेवून उठला. ओटीवरून उतरताना म्हणाला, "माई, निमेशची नोकरी कुठं हाय, ते एकदा आठवा."

ही जीभ. कापून ठेवावी कुठेतरी.

१८ फेब्रुवारी

निमेशला धर्माजीने गाठलंच. रूपलने वाढलं, त्याने खाल्लं, हात धुतले. मला शिव्या दिल्या असत्या तर पचल्या असत्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

निमेश विहिरीच्या मागे उभा राहून फोनवर बोलत होता. पुष्कळ वेळ. मी पाणी काढायच्या निमित्ताने गेले तर आवाज खाली केला. मेघालीशीच होता, "बाळा" ऐकू आलं. तिला म्हणत असणार, कंपनीचं नाव घेऊ नको, कागद मागं घे, बापाच्या पोटाचा विचार कर. का नाही म्हणणार? कर्ज काढून पाठवलंय तिला. बॉयलरवर उभं राहून केस पिकलेत त्याचे. त्याच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं.

आणि ती ऐकणार. बापाचं ऐकते ती.

त्याला विचारलं, काय म्हणाली? "काय नाय." एवढंच. माझ्याच पोटचा, मला चुकवून चालतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

निमेश सकाळी पाळीला गेला आणि लगेच परत आला. डबा भरलेलाच. गेटवर त्याचं कार्ड काढून घेतलं. रूपलने विचारलं, मी विचारलं. शर्ट काढून खुंटीला लावला. मला म्हणाला, "आई, मेघालीला परवाच सांगितलंय, काय पण झालं तरी एक आकडा बदलू नको. तुझी बादली कुठाय?"