वर्षालीचे एकतीस

सोमवार, ७ जुलै २०२५

नऊशे चाळीस म्हणे! आणि माझ्या वर्षालीचे एकतीस. झाला निकाल! प्रिन्सिपल साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "मॅडम, कायमची जागा एकच. जयसिंग सरांचे सायटेशन बघा, तुमचे बघा." पोरगी सहा वर्षं चाकणच्या त्या कॉलेजात गणित शिकवते, तात्पुरती. उन्हाळ्यात काढतात, पावसाळ्यात घेतात — छत्री आहे का ती?

सायटेशन म्हणजे काय, तर आपल्या पेपरचं नाव दुसऱ्यानं त्याच्या पेपरात घ्यायचं. किती वेळा घेतलं, तो आकडा. मी चौथी शिकलेली, मलाही कळलं. विचारलं, "नाव घेणाऱ्यानं तो पेपर वाचलेला असावा लागतो का?"

"तसं काही नाही, आई."

वा!

मंगळवार, ८ जुलै

डब्यांच्या भाजीत मीठ दुप्पट पडलं. कंपनीतली पोरं बोंबलली. माझं लक्ष सगळं नऊशे चाळीसवर.

रविवार, २० जुलै

आज पोरीला समोर बसवून सगळं काढून घेतलं. जयसिंग सर रसायनवाले. त्यांचे गावोगावचे पंधरा-वीस सर. हे त्यांची नावं घेतात, ते ह्यांची. अगं बाई, हा तर आहेर! तू माझ्या लग्नात टॉवेल-टोपी दे, मी तुझ्या पोराच्या लग्नात देते. तीच टोपी पाच लग्नं फिरते, घडी कोणी मोडत नाही. ह्यांच्या पेपरांचीही कोणी मोडत नसणार.

वर आणखी, रसायनवाल्यांचा गोतावळाच मोठा. वर्षालीचं काम समजणारी माणसं सगळ्या जगात मिळून चाळीसेक. ती माणसं हिचं नाव घेणार तरी किती वेळा? बाजारात कांदा पोत्यानं मोजतात, मेथी जुडीनं. मेथीला कोणी विचारतं का, तू किती पोती?

"हे सांगितलंस साहेबांना?"

"सांगितलं. म्हणाले, आकडा तो आकडा."

शेजारच्या शमीमला सांगितलं तर ती पोट धरून हसली. तिच्या नवऱ्याचं गॅरेज आहे. म्हणाली, "मग ताई, आमच्या मोईजनं इंजिन खोलणं सोडावं. दिवसभर पंक्चर काढावीत. आकडा वाढेल!"

रविवार, ३ ऑगस्ट

वर्षालीचा एक पेपर चार वर्षं चाललाय. चार वर्षं! तेवढ्यात माणूस बी.ए. होऊन बेकारही होतो. पण बसते तेव्हा बघावं तिला. दूध उतू गेलं तरी पत्ता नसतो. मधेच हसते एकटीच. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ते हसणं कळतं.

जयसिंग सर तिला म्हणाले, "मॅडम, एकट्या कशाला दमता? आमच्यात या." आमच्यात या! भिशी आहे का? ही नको म्हणाली आणि घरी येऊन मान खाली घालून बसली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "रडतेस काय? आकडा पाहिजे ना त्यांना? मग कर आकडा!"

जेवली नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

एकशे बारा! नेटवर दाखवलं तिनंच. बघा, खऱ्याला उशीर होतो एवढंच.

मंगळवार, २ डिसेंबर

कायम झाली!! एक नाही, दोन जागा निघाल्या. एक जयसिंग सरांना, एक हिला. पंधरा तारखेला रुजू. गल्लीभर पेढे वाटले. शमीमनं बिर्याणीचं पातेलंच पाठवलं. "आता साहेबांना म्हणावं, बघा मेथीचे भाव," असं मी म्हटलं तर सगळे हसले. वर्षालीचं डोकं दुखत होतं. लवकर निजली. नजर लागली असेल, मीठ-मोहरी उतरून टाकली.

रविवार, ७ डिसेंबर

तो चार वर्षांचा पेपर छापून आला. म्हटलं, इंग्रजी वाचता येत नाही मला, पण तुझं नाव कुठंय ते तरी दाखव. तिनं बोट ठेवलं. दुसरं.

"पहिलं कोणाचं?"

"जयसिंग सरांचं."

त्यांना गणित येतं का, विचारलं. नाही म्हणाली. आणि त्यांच्या अकरा पेपरांवर हिचं नाव आहे. म्हणजे एकशे बारा झाले ते असे. बॅटरीचे, दुधातल्या भेसळीचे, कसले कसले. घरच्या इन्व्हर्टरमध्ये पाणी मी घालते!

ओरडले नाही मी. तिला सांगितलं, बुधवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे — त्या पहिल्या जागेवरून ते उठतायत, की कॉलेजातून तू उठतेस?