पूर्णिमाचं पानी

कात्रज, पुणे
१२ ऑगस्ट १९९९

ती. बाबांना दीपमालाचा नमस्कार.

मी मजेत आहे. काका कॉम्प्युटर कंपनीतून उशिरा येतात, पण काकू डब्यात रोज माझ्या आवडीचं देते. आईचा गुडघा कसा आहे?

नव्या शाळेत कविता पाठ करून वर्गासमोर म्हणावी लागते. माझी सोमवारी झाली. चोवीस ओळी, एकही चुकली नाही. पण 'पाणी'ला आपण वाशीमला म्हणतो तसं 'पानी' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "पाठांतर उत्तम. आता मराठीही शिका."

आज पूर्णिमाची पाळी होती. तिचे बाबा नोकरीला अमेरिकेत, दप्तरसुद्धा तिकडचं. तिसऱ्या कडव्यात अडकली. मी पहिल्या बाकावरून हळूच ओळ सांगितली, तर घाबरून तिने ती जशीच्या तशी म्हटली, "कोन गं नेतं माझं पानी?"

आता वर्ग हसेल म्हणून मी वाट बघत बसले. कोणी हसलंच नाही. बाई म्हणाल्या, "वा! काय गावाकडचा गोडवा आणलास!" गॅदरिंगला तीच म्हणणार आहे. पानी माझं आणि टाळ्या तिला!

मधल्या सुट्टीत मला म्हणते, "ए, असे अजून शब्द शिकव ना. तुम्ही घरी तसंच बोलता ना?"

मी म्हटलं, "छे, आमच्याकडे कोण बोलतं तसं?"

'ण' अगदी स्पष्ट आला, बाबा. आईला मात्र हे पत्र वाचून दाखवू नका.

तुमची,
दीपमाला