महिरपी कंसातली सात घरं

बा,

या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो. खंडीभर ज्वारी मावेल अशा ढोल्या विणल्या. कोंबड्या झाकायच्या डाली, सुपं, टोपल्या. आपल्या वस्तीतल्या, पोडातल्या, सातही घरांच्या भिंती, बांबूचे कूड, मी विणले, आणि तुझ्या घराचं दार असं केलं की लावल्यावर बोट शिरायला फट राहत नसे. सागाच्या फळीला काजळ आणि पाल्याचा रस चोळून पाटी केली आणि शाळेची पायरी न चढता तिच्यावर अक्षरं गिरवली. आकडे शिकलो ते ठेकेदाराच्या ओंडक्यांवरून. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर डांबरानं आकडा घालत, मुकादम तो मोठ्यानं वाचे, आणि मी झाडामागून बघत असे. पुढे बाकं केली, पलंग केले, एका शाळेची सगळी दारं केली. माझ्या हातची वस्तू कुठे डुगडुगत नाही, हे इकडे कुणालाही विचार. हे एवढं सांगतो, कारण पुढे जे सांगायचं आहे तेही मी असंच नीट केलं होतं, एक फट न ठेवता.

तू गेलास त्याला आता सतरा वर्षं होतील. मी पन्नाशीला आलो. तुझ्याशी आयुष्यभर कोलामीत बोललो आणि आता मराठीत लिहितो आहे, कारण मला लिहिता येतं ते तेवढंच. तू समोर असतास तर एकेक ओळ वाचून परत आपल्या बोलीत सांगावी लागली असती. तुझं बोलणंही इथे मी या भागातल्या मराठीत आणलं आहे. ते काम मी तुझ्यासाठी नेहमी केलं. बाजारात, लाकूडतोडीवर, जंगलखात्याच्या माणसांपुढे, तुझं बोलणं त्यांना आणि त्यांचं तुला.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तेव्हा मी तुला गंमत म्हणून सांगितलं होतं की पोड जागचं हललं नाही आणि चार वर्षांत आपण तीन राज्यांत राहून आलो. आधी नागपूरचं, मग मुंबईचं, मग हे. तू म्हणालास, "मंग आता पुढं कुठं नेऊन राह्यले?" त्यानंतर महिन्याभरात मोहाच्या दिवसांत तो कारकून आला. झरीकडच्या रानातून सायकल हातानं ढकलत आणली होती त्यानं. जे मूळचे इथले, त्यांना कसताहेत ती जमीन नावावर करून देणार, म्हणून यादी करायची होती. नाव, जन्म कुठला, बोली कोणती. आधी तो नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेला. तिथल्या म्होरक्यानं, नाईकानं, सगळ्यांचं एकच सांगितलं, जन्म इथला. कारकुनानं तसं लिहिलं आणि आपल्याकडे आला.

मी त्याला बसायला डाल उपडी करून दिली. तू समोर उकिडवा बसला आहेस, डोक्याला नवीन पंचा. कारकून विचारतो, "म्हातारबा, जन्म कुठला?" मी कोलामीत विचारतो. तू म्हणतोस, पोडातला. तुझं बरोबरच होतं. पोड म्हणजे आपली माणसं, ती जिथे बसतील ते पोड. साथ आली, माणसं मेली की कूड सोडवायचे, डोक्यावर घ्यायचे आणि दुसऱ्या जागी उभे करायचे. पण कारकुनाच्या लेखी पोड म्हणजे जागा. तो "पोड" लिहून पुढच्या घराकडे वळला होता. गोष्ट तिथेच संपत होती.

मी म्हटलं, थांबा साहेब, तसं नाही. आणि मी सांगितलं. आजीकडून ऐकलेलं सगळं. त्या वर्षी पोड पैनगंगेच्या त्या तीरावर होतं, दोन पावसाळे होतं, तिथे मोहाची तीन झाडं एका ओळीत आहेत, तिथे बा जन्मला. तेव्हा तिकडे निजामाचं राज्य होतं. आता आंध्र. कारकुनानं लेखणी उचलून माझ्याकडे पाहिलं. शाळा किती, विचारलं. मी म्हटलं, शाळा नाही, आपला आपण शिकलो. त्यानं लिहिलं. मी वाकून बघितलं तर त्यानं आंध्रातला ध चुकवला होता, द काढला होता. मी तेही दाखवलं. तो हसला, "वा मास्तर" म्हणाला, आणि खोडून नीट लिहिलं.

तेव्हाचा तुझा चेहरा मला दिसतो. काय चाललं आहे ते तुला कळलेलं नाही, पण सरकारचा माणूस तुझ्या पोराच्या सांगण्यावरून अक्षर बदलतो आहे, एवढं कळलं आहे. तू पोडाचा म्होरक्या. तू मागे वळून बाकीच्या सहा घरांकडे बघितलंस. कारकुनानं मग त्यांना फार विचारलंच नाही. नावं उतरवली आणि शेजारी एक मोठा महिरपी कंस काढला, सातही घरं त्यात घेतली, आणि कंसाच्या टोकाशी लिहिलं, पोड आंध्रातून आलेलं. ती ओळ मी वाचली. शुद्ध होती म्हणून मला बरं वाटलं.

पुढच्या वर्षी यादी चावडीवर लागली. वाचायला मीच गेलो, दुसरं कोण जाणार? तांड्यातली झाडून सारी नावं होती. आपलं एकही नव्हतं. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मागे तांड्याचा नाईक उभा होता. त्याला मी सगळं सांगितलं, तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काय रे मास्तर, लय खरं बोलून राह्यला तू. आमचा बाप चालत्या बैलावर जन्मला, मिठाच्या गोणीवर. मंग काय बैलाचं नाव सांगू का त्याहिले?" पण दुसऱ्या दिवशी तोच आपल्या कुडाशी येऊन बसला आणि तुझी चिलीम ओढत म्हणाला, साक्ष लागली तर मी येतो, अंगठा देतो.

जंगलखात्याच्या गार्डानं सांगितलं, यादीत नाव नाही, उन्हाळ्यापर्यंत राहा, मग तुमच्याकडे जा. तुमच्याकडे म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं. नदीचं पाणी उतरल्यावर आपण दोघं पलीकडे गेलो. ती तीन मोहाची झाडं होती, मी सांगितली तशीच, एका ओळीत. पण तिथल्या पाटलानं दप्तर उघडून बघितलं आणि म्हणाला, असं कोणतं पोड इथे कधी नव्हतं. तुम्ही महाराष्ट्रातले, इथे जमीन मागायला आलात का? परत येताना नदीच्या मधोमध तू थांबलास. गुडघाभर पाणी. म्हणालास, "इकडचा म्हणते तिकडचा, तिकडचा म्हणते इकडचा. मी पाण्यात जन्मलो असंन." आणि हसलास. मला हसू आलं नाही.

तू मला कधी रागावला नाहीस. एकदा फक्त, बांबू चिरताना, माझ्याकडे न बघता म्हणालास, "मले एकदा इचारलं असतं, सांगू का म्हणून." मी म्हटलं, मी खोटं काय बोललो? तू म्हणालास, "खोटं नाही बोलला." आणि कोयता पुढच्या बांबूत घातलास. यापेक्षा तू तो कोयता फेकून मारला असतास तर बरं झालं असतं.

वावरं गेली. आपण कूड सोडवून रस्त्याच्या कडेला उभे केले. तू दुसऱ्या पावसाळ्यात तिथेच गेलास. तुझ्या मातीवर रचलेले दगड रस्ता रुंद करताना उचलून नेले. मी त्या दिवशी दुसऱ्या गावी दारं बसवत होतो. म्हणून हे पत्र पेटीत टाकायचं म्हटलं तरी वर काय लिहू? मला पत्ता अर्धामुर्धा लिहिलेला चालत नाही.

आता राहिलेलं. कूड सोडवण्याच्या आधी आपण तालुक्याला गेलो होतो. तिथे झाडाखाली बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याशी मी बोललो. तुला ते भरभर मराठी समजत नव्हतं. तू माझी बाही धरून विचारलंस, काय म्हणतो? मी आपल्या बोलीत सांगितलं, होत नाही म्हणतो. तू मान हलवलीस आणि आपण चालत परत आलो.

बा, तो तसं म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, म्हाताऱ्याचा जन्म इथलाच असा कागद करून देतो, तांड्याच्या नाईकाचा अंगठा पुरे आहे, आठ दिवसांत कंस खोडला जाईल. मी म्हटलं, ते खोटं आहे, आणि आधीचं मी स्वतः सांगून लिहवलं आहे, नको. शेळी विकून तू दिलेले चौदा रुपये माझ्या बंडीच्या खिशात होते. त्यानं अकरा मागितले होते.