तीन शेजाऱ्यांना तीन रोल नंबर

आई, आज दुपारी मी एक अर्ज भरला. राज्याच्या शिक्षण खात्यात नवी जागा निघाली आहे, चांगली मोठी, भोपाळला बसायची. शाळा मुलांची जी माहिती गोळा करतात, म्हणजे गुण, जात, आजार, फोटो, बापाची कमाई, ती कोणी पाहायची आणि कोणी नाही, हे त्या अधिकाऱ्याने ठरवायचं. तुझ्या वेळी हे सगळं हेडमास्तरांच्या कपाटात असायचं आणि किल्ली चपराशाकडे. आता ते कॉम्प्युटरमध्ये असतं आणि किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला ठाऊक नसतं. मी इतकी वर्षं इथल्या शिक्षण कार्यालयात आहे, त्यातली निम्मी तरी शाळांशी याच गोष्टीवरून भांडण्यात गेली. मागे एका शाळेने नापास मुलांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तेव्हा मी मुख्याध्यापकांसमोर जाऊन बसले आणि ती काढेपर्यंत चहाला हात लावला नाही. त्यामुळे ही जागा माझ्यासाठीच निघाली आहे असं मला वाटलं, तर त्यात माझं काय चुकलं?

अर्ज भराभर झाला, पण एका प्रश्नापाशी गाडी अडली. या कामाकडे आपण कशा वळलात, ते थोडक्यात लिहा. मी आधी धोरण, पारदर्शकता, उत्तरदायित्व वगैरे लिहिलं आणि वाचताना मलाच जांभई आली. सगळं खोडलं. मग महाराजपूरच्या जुन्या घरातलं आपलं स्वयंपाकघर आठवलं आणि एकटीच हसत बसले.

दहावीचा गणिताचा पेपर देऊन मी घरी आले, तेव्हाच माझं काय होणार ते आपल्या दोघींना कळलं होतं. त्या काळी निकाल वर्तमानपत्रात छापून यायचा, नाव नाही, श्रेणीवार याद्यांत नुसते रोल नंबर, आणि आठ दिवस आधीपासून शेजारी नंबर मागायला यायचे. प्रेमानेच यायचे, म्हणून नाही म्हणायची सोय नव्हती. तू कोणालाच नाही म्हणाली नाहीस. समोरच्या भाभींना तू चिठ्ठीवर एक नंबर लिहून दिलास, रेल्वेतल्या भैयांना दुसरा, कोपऱ्यावर राहणाऱ्या मास्तरीणबाईंना तिसरा. तिन्हींतला एकही माझा नव्हता. मी घाबरून म्हटलं, "आई, तू चुकीचे नंबर लिहून राहिलीस." तू लाटणं न थांबवता म्हणालीस, "मला का वाचता येत नाही? तू काहून घाबरून राहिली?"

निकालाच्या दिवशी बाबा रिछाईच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन ओमतीच्या चौकात गेले आणि पेपर घेऊन आले. तू स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलंस. तुझं बोट खाली खाली सरकतं आहे, आणि मी तुझ्या बोटाकडे न बघता तुझ्या चेहऱ्याकडे बघते आहे. गणितात सप्लीमेंट्री. तेवढा एक पेपर पुन्हा द्यायचा. तू पेपरची घडी केलीस आणि चहाचं आधण ठेवलंस, कारण दारात माणसं येऊन उभी होती. भाभी लाडू घेऊन आल्या, "फर्स्ट डिवीज़न!" भैया म्हणाले, "नहीं भाभी, सेकंड है, मैंने खुद देखा." मास्तरीणबाईंना त्यांचा नंबर यादीत कुठेच सापडला नव्हता, त्या डोळ्यांत पाणी आणून माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तिघं आपापल्या चिठ्ठ्या काढून भांडायला लागले. तू कप पुढे केलेस आणि म्हणालीस, "चलो, चाय पियो. रिजल्ट इसका है. जब इसका मन होगा, बता देगी." पुढे कोणी काही विचारलं नाही. लाडू मात्र भाभी ठेवून गेल्या आणि आपण ते खाल्ले.

इथेच थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण त्याच संध्याकाळी दारात भाभींशी बोलताना मी सांगून टाकलं की मागच्या गल्लीतली माझी मैत्रीण तर चक्क नापास झाली आहे. सांगताना मला बरं वाटत होतं, ते अजून आठवतं. भाभी गेल्यावर तू दार लावलंस. मग म्हणालीस, "तुझं झाकलं, ते का तिचं उघडं करायला?" आवाज चढवला नाहीस, पण इतकी शरम मला आजवर कोणत्याही साहेबासमोर वाटलेली नाही. दुसऱ्या दिवशी तू मला तिच्याकडे धाडलंस. मी भाभींना काय सांगितलं ते कबूल केलं आणि माझी सप्लीमेंट्रीही सांगितली. ती आधी रडली, मग माझ्यावर चिडली, आणि मग चिठ्ठ्यांची गोष्ट ऐकून पोट धरून हसली. तो सगळा उन्हाळा आम्ही दोघींनी तिच्या ओसरीवर बसून गणितं सोडवली.

हे सगळं मी त्या सरकारी चौकटीत लिहिलं, माझ्या चोंबडेपणासकट. शब्द जास्त झाले, म्हणून धोरणाचं उरलंसुरलं वाक्यही काढलं. शेवटी दहावीची मार्कशीट जोडायची होती. ती माझ्या मुलीने स्कॅनरवर ठेवली आणि तिथेच थबकली. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना अर्ध्यावर हिंदीत उडी मारते. "मम्मी, तुला सप्ली आली होती? सच में?" मी हो म्हटलं. "पप्पांना माहीत आहे?" नाही म्हटलं. ती जरा विचार करून म्हणाली, "अच्छा. तो मैं नहीं बताऊँगी. तू सांग, तुला वाटलं तर." आई, मला तिथल्या तिथे इतका आनंद झाला की मी तिचा मुका घेतला आणि ती वैतागली.

मग अर्ज पाठवला. गुप्ततेची रखवालदार व्हायला निघालेल्या तुझ्या लेकीने संध्याकाळपर्यंत ऑफिसात, बहिणीला आणि दूधवाल्या भैयांनासुद्धा सांगून टाकलं. सगळ्यांना एकच सांगितलं, भरला आपला सहज, मिळाली तर मिळाली. तू आता नाहीस, हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून इथे खरं लिहिते. सहज वगैरे काही नाही. मला ती जागा हवी आहे, आई. फार हवी आहे.