आर्थरची खुर्ची

८ जुलै, सोमवार

नोरा गेली. सकाळच्या बातम्यांत सांगितलं. ब्याण्णव वर्षांची होती, इंग्लंडमधे, घरीच, झोपेत. मी कणीक मळत होते. तशाच हातांनी धावले आणि रेडिओ बंद केला — बटणाला अजून कणीक चिकटलेली आहे.

का बंद केला? रविंद्रला ऐकू जाऊ नये म्हणून! मित्रा म्हणते, आई, बाबांना आता काही कळत नाही. तसं असेल तर रेडिओ चालू राहिला काय नि बंद झाला काय. म्हणजे मी अजून धरूनच चालले आहे की त्या खुर्चीत माझा नवरा आहे.

तोंडाने 'अहो', वहीत रविंद्र. वहीत कुणाला ऐकू जातंय!

९ जुलै

नोरा टॅटरसॉल. इथे न्यूझीलंडात, अप्पर हटला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या म्हातारीने व्हिडिओ कॅसेटींचं एक खोकं दिलं होतं, त्यात ही निघाली. आमच्या नागपूरच्या फार्मसीच्या डिग्र्या इथे अजून कुणी मानत नव्हतं. मित्रा सहा वर्षांची. घरात हीटर एक, तो तिच्या खोलीत. आम्ही दोघं एका रजईत बसून नोरा बघायचो. इंग्रजी कळत होतं हो, पण इंग्रजीत हसू येत नव्हतं. ते हिने आणलं.

काय करायची? काहीच नाही! हॅट-कोट घालून स्टेजवर यायची, बाहेर निघालेय म्हणायची, आणि दीड तास निघायचीच नाही. एकच उशीचा अभ्रा इस्त्री करत राहायची आणि बोलत राहायची. नवऱ्याशी. नवरा आर्थर, खुर्चीत, प्रेक्षकांकडे पाठ करून. तो शेवटपर्यंत एक अक्षर बोलायचा नाही.

"डॉक्टरांनी विचारलं, हे दिवसभर करतात काय? मी म्हटलं, आत्ता करताहेत तेच."

रविंद्र या वाक्याला रजईतून खाली पडला होता. खरंच पडला होता.

जानेवारीत त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आता मी इस्त्री करते, तो खुर्चीत असतो, आणि कुणी हसत नाही.

११ जुलै

टुई आली होती, वाचेची थेरपिस्ट. गोड मुलगी आहे. येताना 'किया ओरा, रविंद्र!' असा मोठ्याने माओरी नमस्कार घालते आणि त्याच्या समोर जमिनीवर मांडी घालते. चित्रं दाखवली. कप, कुत्रा, किल्ली. तो खिडकीकडे बघत होता.

जाताना मला म्हणाली, बोला त्यांच्याशी, हीप्स, म्हणजे भरपूर. आणि मग थांबा. थांबते की मी! एखादं भांडं घासून होईल एवढी थांबते. त्याहून जास्त थांबलं तर घर कोण चालवणार?

संध्याकाळी नोराचा बिस्किटांचा प्रकार करून पाहिला. ती आर्थरपुढे बशी धरायची, वाट बघायची, "नको? मर्जी तुमची," म्हणून स्वतः खायची. परत बशी, परत वाट, परत स्वतः. बशी रिकामी झाली की कंबरेवर हात: "सगळी बिस्किटं संपवलीत!" मी हॅटसुद्धा घातली — बागेतली, उन्हाची. सगळी शंकरपाळी खाल्ली. "सगळी संपवलीत!" म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं, नंतर बशीकडे. बस्स. मला रात्रभर जळजळ.

१४ जुलै

मित्राचा ऑकलंडहून फोन. न्यू लिनमधे, तिच्या घराजवळच्या वृद्धांच्या होममधे जागा होतेय. चांगलं आहे, स्वच्छ आहे, तिच्या हॉस्पिटलातल्या एका नर्सची आई तिथे आहे. महिनाअखेरपर्यंत सांगायचंय. "आई, यू कान्ट लिफ्ट हिम. तुझी पाठ गेली तर मी दोघांना कशी बघू?" बरोबरच आहे तिचं. डॉक्टर आहे, वेडी नाही.

मी म्हटलं, त्यांना नाही जायचं. ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं तुला?" मग लगेच, "सॉरी आई, सॉरी."

त्याने सांगितलं असतं तर! 'हो जातो' म्हणाला असता तरी मी मुकाट्याने बॅग भरली असती. पण सामान हलवावं तसा त्याला उचलून नेऊ? सत्तर वर्षांच्या माणसाला? आत तो असला तर?

१५ जुलै

एक शब्द. एकच. शिवी चालेल.

१७ जुलै

आज दिवसभर ती संध्याकाळ आठवत होते. नोरा न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आली होती तेव्हाची. तोवर आम्हा दोघांना नोकऱ्या लागल्या होत्या. वेलिंग्टनला गाडीने गेलो, मी पैठणीवर ओव्हरकोट घातलेला. अवतार!

दौऱ्यावर तिचा स्वतःचा आर्थर नसायचा. मध्यंतरात ती त्या गावातलाच एक माणूस निवडायची. त्या दिवशी नेमका रविंद्र! कॉफीच्या रांगेतून उचलला त्याला. आत नेऊन कानात सांगितलं की अमुक खूण झाली की बोलायचं, तोवर तोंड मिटून. आणि बोलायचं ते काहीही, घरी बायकोला जे म्हणता ते.

पडदा उघडला तर खुर्चीच्या पाठीवरून माझ्या नवऱ्याचं टक्कल! ती बोलतेय, बोलतेय, इस्त्री करतेय. लोक हसून हसून बेजार, आणि मला घामाच्या धारा — हा खूण विसरणार! विसरला नाही. अगदी शेवटी, शांत आवाजात, शुद्ध मराठीत:

"मी बोलू आता?"

सबंध थिएटरात ते कळलेली एकटी मी. पण नोराने काय करावं! एक शब्द न कळता ती ताडकन म्हणाली, "सर्टनली नॉट, आर्थर!" आणि अंधार. लोक उभे राहिले. मी रडत होते हसून.

ती खूण काय होती ते त्याने मला कधीही सांगितलं नाही. पंचवीस वर्षं मागे लागले. "धंद्यातलं गुपित आहे," म्हणायचा. नोराला शब्द दिला होता म्हणे.

या महिन्यात मी तिचं सगळं करून पाहिलं. हॅट काढली, घातली. इस्त्रीची वायर उपटली. खांद्याला हात लावला. खूण यातलीच काहीतरी असणार! ती सापडली तर तो बोलेल असं मला वाटतंय. हे कुणाला सांगायची सोय नाही. मित्रा मलाच तपासायला नेईल.

२१ जुलै, पौर्णिमा

वंदना घेतली. टुई म्हणाली होती की पाठ असलेलं कधीकधी आपोआप येतं. लहानपणापासून म्हटलेलं त्रिशरण — ते तरी! मी एकेक ओळ म्हणून त्याच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलले नाहीत. खीर दिली, ती ओघळली. पुसताना माझा हात जोरात लागला. मुद्दाम नव्हता. थोडा मुद्दाम होता.

२४ जुलै

रेडिओवर नोराच्या आठवणींचा कार्यक्रम! लोक फोन करून सांगत होते. कुणाच्या आईने तिच्यासारखी हॅट शिवून घेतलेली. एकीचं बाळंतपण कॅसेट बघताना सुरू झालं. एक म्हातारा नोराच्या बहिणीची, एडनाची गोष्ट सांगताना स्वतःच इतका हसला की कार्यक्रमाच्या बाईंना फोन कापावा लागला. (एडनाने नवऱ्याला वेगळी खोली दिली, संसार वाचला. खोली लांब तिकडे ब्लॅकपूलला आहे.)

मी या देशात रेडिओला कधी फोन केला नव्हता. केला. लागला! "अँड नाउ वी हॅव वसू, फ्रॉम अप्पर हट!" मी सांगितलं की माझे मिस्टर आर्थर झाले होते. बाई खूश. तेवढ्यात इन्व्हरकार्गिलहून नोलीन नावाची बाई लाइनवर — तिचाही नवरा तिथल्या प्रयोगात आर्थर होता! दोघींना एकदम जोडलं.

मी सरळ विचारलं. खूण काय होती?

नोलीन म्हणाली, ओ लव्ह, माझ्या ट्रेव्हरने मला सांगितलं नव्हतं वीस वर्षं, शेवटच्या आजारात सांगितलं. आता तोही नाही, तीही नाही, कुणाला राग येणार. खूण अशी काही नव्हतीच. नोरा त्याला म्हणाली होती, मी खाली बसेन आणि गप्प होईन तेव्हा बोल. श्वासासाठी थांबते तेव्हा नाही, बिस्किटासाठी थांबते तेव्हा नाही. माझं खरंच संपेल तेव्हा. "ट्रेव्हर म्हणायचा, शी टुक एजेस, युगं लावली हिने. मला कळेचना हिचं संपलंय की नाही!"

रेडिओवरच्या बाई हसल्या. मीही हसले असेन. फोन ठेवला तर रविंद्र माझ्याकडे बघत होता. रेडिओ चालूच राहिला होता. नोरा गेल्याचं त्याने ऐकलं. ऐकलं का? डोळे ओले होते, पण ते हल्ली एरवीही असतात.

२५ जुलै

करून पाहिलं. इस्त्री बंद केली, हॅट काढली, त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसले. गप्प. तो माझ्याकडे बघेना. मी त्याच्याकडे टक लावून. मनात सारखं — आता, आता, आता. कुकरची शिट्टी झाली, उठून बंद केला, परत बसले. शेवटी माझ्याच्याने राहवेना. "हं? बोला ना! बोला की! मी गप्प बसलेय, दिसत नाही का?" ओरडलेच. त्याने डोळे मिटून घेतले.

एक मेलेली नटी आणि एक मेलेला ट्रेव्हर. त्यांच्या सल्ल्याने मी माझ्या नवऱ्याला बरं करणार! शिकलेली बाई म्हणे. आयुष्यभर लोकांना औषधं मोजून दिली.

२८ जुलै, रविवार

बाथरूममधे पडला. मी धरायला गेले, मीही पडले. त्याला काही लागलं नाही. माझ्या पाठीत असं काही झालं की उठता येईना. दोघं थंडगार फरशीवर, बाहेर गवतावर दहिवर, आणि मी काय केलं? बोलत राहिले! नोराचं सगळं म्हणून दाखवलं — एडना, ब्लॅकपूल, डॉक्टरचं वाक्य. मोठमोठ्याने. जणू तिकडून कुणीतरी टाळ्या वाजवणार होतं. तो छताकडे बघत होता. माझा हात त्याच्या चांगल्या हातात होता तेवढंच.

शेजारच्या ग्रॅहमने आवाज ऐकला. त्या थंडीत जँडल्स, रबरी चपला घालून धावत आला. "यू राइट, वसू?" नाही रे बाबा, नाही. त्याने रविंद्रला उचललं, आधी त्याला, मग मला. रविंद्रची पँट ओली होती. ग्रॅहमने बघून न बघितल्यासारखं केलं, त्याचं भलं होवो.

तो गेल्यावर मी मित्राला फोन केला. हो म्हणून सांगितलं.

२९ जुलै

मित्रा फोनवर रडली. मला रडू आलं नाही. तिला वाटलं मी धीराची आहे.

३० जुलै

त्याची बॅग भरली. स्वेटर, लोकरी मोजे, बाबासाहेबांचा छोटा फोटो, चष्मा. नोराची एक कॅसेट ठेवली, परत काढली. होममधे ती लावायला यंत्र कुठलं? सगळ्या कपड्यांवर नाव लिहायचंय म्हणे, धुण्यात मिसळू नयेत म्हणून. बनियनवर त्याचं नाव लिहिताना पेन चालेना. मी ते बनियन फेकून दिलं, मग उचलून आणलं.

त्याला सांगायला हवं. समोर उभी राहून सांगितलं, "अहो, उद्या मित्रा येतेय. तुम्हाला ऑकलंडला न्यायचंय." ऐकलं असेल तर माझा तिरस्कार करेल. ऐकलं नसेल तर मी भिंतीशी बोलले. दोन्ही मला सहन होणार नाही. अजून काय काय सांगायचं होतं! हात धुवायला म्हणून गेले आणि नळापाशी नुसती उभी राहिले. संपले मी. खरंच संपले.

३१ जुलै

मित्राचं विमान दुपारचं. सकाळी काही केलं नाही. चहा नाही, इस्त्री नाही. त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, टुई बसते तशी, कारण पाठीमुळे स्टूल नको वाटत होतं. त्याच्याकडे बघत नव्हते. कशाचीही वाट बघत नव्हते. खिडकीत ऊन आलं, गालिच्यावर सरकलं. मला सांगायला काही उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने डोक्यावर हात आला. डावा. आणि वरून, घोगरा, अर्धवट, पण त्याचाच:

"बोलू?"

नोराचं उत्तर मला पाठ आहे. ते दिलं नाही. नुसती मान डोलावली.