लहूने घालायचे गाऱ्हाणे

मी, सहदेव भिकाजी राऊळ, वय वर्षे एक्कावन्न, मूळ गाव कणकवलीजवळ, हल्ली राहणार भटवाडी, घाटकोपर पश्चिम, पूर्वी गिरणीच्या साचेखात्यात विणकर व संपानंतर एका सोसायटीत वॉचमन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. येत्या सोमवारी माझ्या डोक्याचे ऑपरेशन आहे, तेव्हा उद्या कोणी माझ्या शुद्धीबद्दल शंका काढील. म्हणून आधीच सांगतो की गाठ कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या शिरेवर आहे, अकलेवर नाही. मजकूर माझा आहे. कायद्याचे शब्द शेजारचे भाऊराव मयेकर यांनी सुचवले. ते वकिलाकडे कारकून आहेत.

कलम १. भटवाडीची पागडीची खोली व त्यातील भांडीकुंडी माझी पत्नी रुक्मिणी हिच्या नावे करावी. ती हयात असेपर्यंत तिला तेथून कोणी हलवू नये. ट्रान्झिस्टरही तिचाच. तो आता मोठ्याने लावायची गरज उरणार नाही.

कलम २. पोस्टातील शिल्लक व गावच्या घरातील माझा हिस्सा मुलगी वनमाला हिला द्यावा. लग्न करो वा न करो, हिस्सा तिचाच. माझा लाकडी धोटा आणि फणीतून सूत ओढायचा हूकही तिने ठेवावा. तिला त्यांचा उपयोग नाही हे मला ठाऊक आहे, तरी ठेवावा.

कलम ३. सोसायटीची शिट्टी सेक्रेटरींना परत करावी. झोकांड्या खाणारा वॉचमन नको म्हणून त्यांनी मला काढले. शिट्टी न धुता द्यावी, म्हणजे वास घेऊन दारू नव्हती अशी त्यांची खात्री पटेल.

कलम ४. येथे दुखण्याची हकीकत नोंदवतो, कारण पुढचे कलम तिच्यावाचून समजणार नाही. साचेखात्यात साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे. आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलायचो. गिरणी सुटली तरी ती सवय सुटली नाही, त्यामुळे डावा कान गेला हे मला स्वतःलाच कळले नाही. समोरच्याचे ओठ दिसत, माझे काम भागे. संपाने साचे बंद पडले, पण माझ्या डाव्या कानात एक साचा चालूच राहिला. सगळे म्हणाले, कान गिरणीने खाल्ले, त्यात नवल काय? मीही तेच म्हणालो. सोसायटीच्या फोनचा रिसीव्हर एकदा डाव्या कानाला लावला, तर आत कोणी नाहीच. उजव्याला लावला तर बाई केव्हाची ओरडत होती. पुढे चालताना तोल जाऊ लागला, डावा गाल बधिर झाला, तेव्हा महापालिकेच्या इस्पितळात गेलो. तेथे डॉक्टर अनुपमा नावाच्या तरुण बाईंनी विचारले, "राऊळ, साच्यांचा आवाज काय एकाच कानात शिरत होता? दोन्ही कान सारखे बसले असते तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं." मग स्कॅन झाले आणि सुपारीएवढी गाठ दिसली. कॅन्सर नाही, पण मेंदूला टेकली आहे. डावा कान जाणार तो जाणारच. तोंड वाकडे होईल, डावा डोळा मिटणार नाही, हेही बाईंनी लपवले नाही. जिवाचे काय, हे विचारल्यावर त्यांनी घरातल्या कोणाला तरी सोबत आणायला सांगितले.

कलम ५. धाकटा भाऊ लहू यास माझ्या मिळकतीतून काहीही नाही. कारण असे. दोन वर्षांपूर्वी वनमालाला बघायला मुलुंडहून पाहुणे आले होते. मी पोह्यांचा ट्रे घेऊन निघालो आणि भिंतीवर आदळलो. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. तेव्हा लहू हसत म्हणाला, "संप बुडाल्यापासून दादा जरा घेतो. पण माणूस गरीब आहे." लग्न मोडलेच. नंतर मी जाब विचारला तर म्हणतो, "दादा, मी तुझ्या बऱ्यासाठीच सांगलंय. फेफरा आसा म्हणतीत तर आपल्या चेडवाक कोण करून घेतलो? दारू काय, संपापासून सगळेच घेतत." फेफऱ्याच्या घरातली मुलगी कोण करणार, हा त्याचा हिशेब अगदीच चूक नव्हता. आमच्या चाळीत दारू माफ होती, घराण्यातले दुखणे नाही. पण आमचे वडील दारूने गेले. त्यांच्या चितेसमोर मी दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती आणि लहू तेव्हा माझा हात धरून उभा होता. हे त्याने विसरायला नको होते. त्या दिवसापासून मी घरी आलो की रुक्मिणी पिशवी घ्यायच्या निमित्ताने माझ्या तोंडाजवळ यायची. तिने कधी विचारले नाही. गाठीपेक्षा मला ते जास्त दुखले.

कलम ६. म्हणून माझी इच्छा अशी. चाळीच्या चैत्रातील सत्यनारायणाला, जेथे गावची सगळी माणसे जमतात, लहूने देवापुढे उभे राहून कोकणच्या रीतीने पुढील गाऱ्हाणे मोठ्याने घालावे:

"बा देवा म्हाराजा, ह्या सहदेवान कधी दारू तोंडाक लावल्यान नाय. त्येच्या कानाच्या शिरेर गाठ होती, म्हणान तो झोकांड्यो खाय. ह्या लहून चार माणसांत खोटा सांगितल्यान, ता आज चार माणसांतच मागे घेता. चुकला माकला पदरात घे रे म्हाराजा."

आणि रीतीप्रमाणे जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणावे. रुक्मिणीने पुढे बसावे. गाऱ्हाणे झाले की मी लहूवर रागावलेला नाही असे समजावे. तोपर्यंत रागावलेला आहे.

कलम ७. मी ऑपरेशनमधून जिवंत परतलो तर कलम एक ते पाच रद्द समजावीत. कलम सहा रद्द होणार नाही. वाकडे तोंड घेऊन का होईना, मी पूजेला समोर बसेन. कानांनी दगा दिला तरी ओठ वाचता येतात, तेव्हा लहूने पुटपुटून भागणार नाही. रुक्मिणी "व्हय म्हाराजा" म्हणेल तेव्हा मी तिच्या ओठांकडे बघणार आहे. मला एवढेच बघायचे आहे.

लहूला काही मिळायचे नसल्याने तो साक्षीदार म्हणून चालतो, असे भाऊराव सांगतात. म्हणून त्यालाच बोलावले आहे. सही करण्यापूर्वी त्याने हे सर्व माझ्यासमोर वाचावे.

ठिकाण: भटवाडी, घाटकोपर
दिनांक: २१ फेब्रुवारी १९८६

लिहून ठेवणार: सहदेव भिकाजी राऊळ (सही)

आम्हा दोघांसमक्ष सही झाली.

साक्षीदार १: भाऊराव मयेकर (सही)

साक्षीदार २: लहू भिकाजी राऊळ (सही)
वाचले. कलम पाचपाशी थांबलो होतो, दादाने पाणी दिले. चैत्राची वाट बघणार नाही, आज दिवेलागणीला वहिनीसमोर एकदा गाऱ्हाणे घालतो. व्हय म्हाराजा.