पायगुणाचा आलेख

शेलार, रविवार

प्रिय रूपावहिनी,

तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. फोनवर तू नेहमीसारखं 'असू दे गं' म्हणशील आणि मी तेवढ्यावर सुटेन, ते मला नको आहे. मानकोलीच्या गोदामातून तुला काढलं त्याला उद्या दोन महिने होतील, आणि मागोमाग तू गणेशपुरीला माहेरी निघून गेलीस. हरेशदादा आता डबा स्वतःच करतो. कधी भाजीत मीठ नसतं, कधी मिठात भाजी असते. तुझ्या मोगऱ्याला आई रोज पाणी घालते, तुझं नाव मात्र घेत नाही.

तुला आठवतं ना, तू माप ओलांडून आलीस त्याच आठवड्यात बाबांचा लूमचा कारखाना बंद पडला. आईनं लगेच निकाल दिला, "पायगुन वाईट हाय पोरीचा." मी तेव्हा दहावीत, जीभ कात्रीसारखी. मी विचारलं, त्या महिन्यात गल्लीतले आठ कारखाने बंद पडले, मग आठही घरांत सून आली होती का? तू ओट्याशी तोंडाला पदर लावून हसलीस, आणि त्या दिवसापासून मला आपली मानलंस. पुढे गोदामातही तूच चिकटवलंस मला. तू खाली पॅकिंगच्या टेबल नंबर चारवर, मी कॉलेज सुटलं की वर ऑफिसात कम्प्युटरवर नोंदी भरायला. ते हसणं आठवलं की आता मान वर होत नाही.

बाकीच्या बायका चिनी मातीचा कप उचलून सरळ कागदात गुंडाळायच्या. तू आधी बोटाच्या पेरानं वाजवायचीस, बाजारात मडकं वाजवून घेतात तसा. खणकन वाजला तर खोक्यात, बद्द वाजला तर बाजूला. बाजूला ठेवलेले सगळे मोडतोडीत धरायचे. मग ऑफिसातून तो आलेख निघाला. ज्या आठवड्यात टेबल नंबर चारवर जास्त खोकी, त्या आठवड्यात मोडतोड जास्त. ठिपके ओळीनं वर चढत गेलेले. मॅनेजर जीवनसरांनी तो बघितला आणि दुसऱ्या दिवशी तुला ड्युटीवर येऊ नको म्हणून सांगितलं. घरी आई म्हणाली, "मी बोलली व्हती ना? पायगुनच तसा हाय तिचा." तू माझ्याकडे बघितलंस. मी भांडी घासायला उठले. दोन दिवसांनी तू बॅग भरलीस.

परवा भावना मॅडमनी संख्याशास्त्रातला सहसंबंधाचा धडा पुरा केला. पहिला अर्धा दिवाळीआधी झाला होता: दोन गोष्टी जोडीनं वाढतात का, ते एका आकड्यात कसं काढायचं. आकडा एकच्या जवळ आला की नातं घट्ट. मग सुट्टी, मग परीक्षा, आणि उरलेला अर्धा आत्ता. मॅडम म्हणाल्या, टपरीवर चहा जास्त खपतो त्या दिवशी भिवंडीत कापडही जास्त निघतं, मग चहा कापड विणतो का? लाईट टिकली की लूम चालतात, कारागीर थांबतात, आणि चहाही पितात. सगळा वर्ग हसला. मला तो आलेख आठवला. दोन गोष्टी बरोबर चालल्या म्हणजे एकीनं दुसरी घडवली असं नसतं, हे तर मी दहावीत आईला पुस्तकाशिवाय सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाइकांकडून रिटर्न आलेल्या मालाच्या नोंदी काढल्या. त्या आधी कुणी बघितल्याच नव्हत्या. तुझ्या टेबलावरून जास्त माल गेला त्या आठवड्यांचे रिटर्न अगदी नावाला. तू रजेवर होतीस तेव्हाचे ढीगभर. तू गेल्यापासून मोडतोड जवळजवळ शून्य, आणि रिटर्न तिप्पट. कप गोदामात येतानाच वाटेत तडकत होते, वहिनी. तू फोडत नव्हतीस, फुटलेले ओळखत होतीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तो आलेख मी काढला होता. जीवनसरांनी फक्त बेरीज मागितली होती, पण मला शिकलेलं मिरवायचं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. शून्य पूर्णांक नऊ आकडा आला तेव्हा मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. टेबल नंबर चार म्हणजे तू, हे मला ठाऊक होतं. नाव लिहिलं नाही, नंबर लिहिला, म्हणजे मी काही केलंच नाही असं वाटायला. काल नवा तक्ता माझ्या सहीनिशी सरांना दिला. ते तुला परत बोलवायला तयार आहेत. जायचं की नाही ते तू ठरव. रात्री जेवताना घरी सगळं सांगितलं. दादा ताटावरून उठला. आई त्याचं ताट झाकत म्हणाली, "म्हंजे वाईट पायगुन तुजाच." आयुष्यात पहिल्यांदा मला आईचं म्हणणं खोडता आलं नाही. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मी येतेय. घरात घे म्हणत नाही. बाहेर पायरीवर बसेन, तुला वाटेल तेव्हा ये.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
रुचिका